बावखलाचं वाक्य

कोणाचंही बोलणं ऐकताना कात्री मॅडमच्या उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट करत. समोर प्राचार्य असोत की साखरपुड्यात भाषण ठोकणारा मामा, बोटं चालूच. वसईतल्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. त्यांचं खरं नाव नव्या मुलांना परीक्षा आल्यावरच कळायचं.

परिषदेला पाठवायच्या गोषवाऱ्यावर त्यांचा भारी जीव. कैक वर्षांचं काम अडीचशे शब्दांत बसवायचं. मी हौसेने लिहिलेलं ‘अत्यंत महत्त्वपूर्ण’ पहिल्याच फेरीत उडायचं. “महत्त्वाचं असेल तर आकडे सांगतील. तू कशाला ओरडतेस?” मग अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर, झाडांची लॅटिन नावं तिरकी. एका समासापायी त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत उपाशी बसवलंय, आणि नंतर स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळीही दिलीय.

आमचं काम वसईजवळच्या वटार गावातल्या विहिरींवर आणि त्यांच्या पाण्यावर जगणाऱ्या झाडांवर होतं. तिथल्या वाड्यांमध्ये पावसाचं पाणी साठवायला पूर्वजांनी खणलेली बावखलं होती. ती भराव टाकून बुजवली, वर इमारती आल्या, पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरेनासं झालं आणि शेजारच्या विहिरी मचूळ होत गेल्या. मॅडमच्या माहेरची वाडी तिथलीच. त्यांचा भाऊ तपासणीसाठी विहिरीचं पाणी बाटलीत भरून देताना म्हणायचा, “ताई, पानी घशाखाली उतरत नाय गं आता. केळी पन करपली.” मॅडम बाटलीवर तारीख टाकत. हे काम चार जाणत्या माणसांनी ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्याच वर्षी त्यांच्या आजाराने पुन्हा उचल खाल्ली होती. पुढच्या परिषदेची वाट बघायला सवडच नव्हती.

गोषवारा पाठवायच्या शेवटच्या दिवशी त्या हॉस्पिटलात होत्या. आवाज पार बसलेला. संध्याकाळी पाचला वेबसाइट बंद होणार, आणि ती माझा मजकूर दरवेळी परत फेकत होती: शब्द जास्त. खाटेजवळच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून मी दुपारभर शब्द छाटत होते. मध्येच लाईट गेली, नेट गेलं, परत आलं. शेवटी रडकुंडीला येऊन मी म्हटलं, “मॅडम, बावखल म्हणजे काय ते सांगणारं वाक्य काढते ना. नुसतं तळं लिहू.”

त्यांची बोटं हलली नाहीत.

“तळं आटतं,” त्या कुजबुजल्या. “बावखल बुजवतात. ते वाक्य राहू दे.”

मग त्यांनी स्क्रीन जवळ घ्यायला लावली आणि बोटांची कात्री सुरुवातीच्या वाक्यावर धरली. ते त्यांनी स्वतः लिहिलेलं, त्यांचं लाडकं वाक्य होतं. मी ते पुसलं. पाचाच्या आत गोषवारा गेला. सिस्टरने मला बाहेर काढलं तेव्हा त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

गोषवारा स्वीकारल्याचं कळलं तेव्हा त्या होत्या. परिषदेपर्यंत राहिल्या नाहीत. मी आयोजकांना कळवलं, तर उत्तर आलं की दिवंगत लेखकाच्या नावाशेजारी खूण करा आणि खाली तशी टीप द्या. टीपही शब्दमर्यादेत धरली जाईल. मी एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. मॅडमनी कापून ठेवलेल्या मजकुरात जादा काही उरलंच नव्हतं. काढण्याजोगं एकच वाक्य होतं, बावखलाचं. मला दोन्हीतलं काहीच सोडवेना. शेवटी मी टीप टाकली नाही.

परिषदेच्या पुस्तकात त्यांचं नाव कुठल्याही खुणेशिवाय छापून आलं. माझं बोलून झाल्यावर सत्राचे अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, “हे बावखल मी पहिल्यांदाच ऐकलं. मॅडम आल्यात ना? पुढचं त्यांनाच विचारतो.”

सभागृहातल्या माना मागे वळल्या, त्यांना शोधायला लागल्या. सांगायला मला दोन शब्द पुरले असते.