मतमोजणी चालू असताना खोर फक्कानला

सगळ्यात आधी माफी मागतो. शारजाहून परत आल्यावर भेटेल त्याला म्हणत होतो की आठ दिवसांत सगळं लिहून काढतो. त्याला चार वर्षं झाली. माझं शिक्षण सातवीपर्यंत. लिहायला बसलो की आपण काहीतरी भलतंच लिहू अशी भीती वाटते आणि पेन खाली ठेवतो. आता धाकटी मुलगी म्हणाली, "अप्पा, तुम्ही वहीत लिहा, मी ब्लॉगवर टाकते." म्हणून लिहितोय. ज्यांना आखातात मुलाकडे जायचं आहे आणि एक शुक्रवार मोकळा मिळणार आहे, त्यांना रस्त्याची माहिती होईल. बाकीचं माझं घरचं आहे, ते वगळून वाचलं तरी चालेल.

२००० सालचा नोव्हेंबर. मुलगा प्रशांत शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजवर सुपरवायझर होता. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर गेलो होतो. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा. लिफ्टची मला धास्ती, त्यामुळे खाली उतरायचं म्हणजे कुणीतरी सोबत हवं. तिकडे अमेरिकेत निवडणूक झाली होती आणि निकाल लागत नव्हता. टीव्हीवर रोज माणसं मतपत्रिका उजेडाकडे धरून बघत होती.

त्याच आठवड्यात माझ्या नातीला, ईशाला, शाळेत प्रोजेक्ट मिळालं: अमेरिकेतले राजकीय पक्ष, त्यांचा इतिहास आणि सरकारात त्यांचं काम. मोठ्या कार्डशीटवर तिने एका बाजूला हत्ती काढला आणि एका बाजूला गाढव. हत्ती रिपब्लिकनांचा, गाढव डेमोक्रॅटांचं. रंग ओला असताना मी जवळ गेलो की ओरडायची, "आजोबा, डोन्ट टच, इट्स वेट!"

मी आयुष्याची पस्तीस वर्षं एका पक्षाचं काम केलं आहे. सतरंज्या घालण्यापासून तालुक्याचा चिटणीस होईपर्यंत. त्यामुळे मला चैन पडेना. ती इंग्रजीत सांगायची आणि सून मराठी करायची.

"तिकीट कोण देतं तिथे?" मी विचारलं.

"पीपल व्होट फॉर इट, आजोबा." सुनेने मराठी केलं, "पक्षाचा उमेदवार कोण, तेसुद्धा लोकच मतं देऊन ठरवतात."

"मग साहेबांच्या बंगल्यावर बसायचं कुणी?"

सून हसली. मी चेष्टेने विचारलं नव्हतं. मी त्या बंगल्याच्या ओट्यावर तीन निवडणुका बसलो होतो.

ईशाने सांगितलं की त्यांच्या घटनेत पक्ष हा शब्दच नाही. पहिला अध्यक्ष कुठल्याच पक्षाचा नव्हता, आणि जाताना सांगून गेला की गटबाजीपासून जपा. पण त्याच्याच मंत्रिमंडळातल्या लोकांनी दोन गट केले होते. पुढे ते पक्ष मोडले, नवे झाले. गुलामगिरीवरून एक पक्ष संपला आणि हत्तीवाला उभा राहिला. त्यानंतर शंभर वर्षांत दोघांनी बऱ्याच गोष्टींत जागा बदलल्या. ज्या भागात गाढवाशिवाय काही चालत नव्हतं तिथे हत्ती निवडून येऊ लागला. आता सभागृहात ज्याच्याकडे बहुमत, त्याचेच लोक समित्यांचे प्रमुख होतात आणि कुठला कायदा पुढे घ्यायचा ते ठरवतात.

"जागा बदलल्या, मग जुन्या बाजूसाठी भांडून मेलेल्यांचं काय?" मी विचारलं.

"आजोबा, दॅट्स नॉट इन द प्रोजेक्ट."

शेवटी तिने एक गोष्ट सांगितली. तिथे हरलेला उमेदवार जिंकलेल्याला स्वतः फोन करतो. या वेळी एकाने तसा फोन केला, आणि मतांचा फरक फारच थोडा आहे असं कळल्यावर पुन्हा फोन करून शब्द मागे घेतला.

"हा फोन कायद्यात लिहिलेला आहे का?"

"नो. दे जस्ट डू इट."

त्या रात्री मी प्रशांतला म्हटलं, "शुक्रवारी खोर फक्कानला जाऊ या." तो म्हणाला, "गाडीत पेट्रोल भरतो."

खोर फक्कानला माझा धाकटा भाऊ दत्ता राहत होता. बंदरावर काम करणाऱ्या लोकांसाठी तो आणि त्याची बायको शालन मेस चालवायचे. नव्वद सालाच्या सुमाराला आमच्या तालुक्यात पक्ष फुटला. मी आमच्या साहेबांबरोबर राहिलो, दत्ता दुसऱ्या साहेबांबरोबर गेला. त्यांचा गट पडला, दत्ताची दूध संघातली नोकरी गेली आणि तो आखातात निघून गेला. पाच वर्षांनी त्याची मुलगी मनीषा, आमची मनू, तिचं गावाकडे लग्न निघालं. पत्रिका आली. आमच्याकडे पत्रिकेवर पुढाऱ्यांची नावं छापायची पद्धत आहे, प्रमुख उपस्थिती म्हणून. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत दुसऱ्या साहेबांचं नाव. मी पत्रिका तशीच फडताळात टाकली. लग्नाला गेलो नाही. घरातल्या कुणालाही जाऊ दिलं नाही. मनू लहानपणी माझ्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत जायची.

त्यानंतर पुन्हा निवडणुका आल्या आणि दोन्ही साहेब एका व्यासपीठावर बसले. एकमेकांना हार घातले. त्या सभेच्या सतरंज्या मीच मोजून घेतल्या होत्या.

मनूच्या लग्नासाठी मी बायकोच्या मागे लागून एक साडी घेतली होती, हिरवी, जरीकाठाची. बायको गेली, साडी राहिली. शारजाला जाताना ती बॅगेच्या तळाशी घातली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. मी, प्रशांत आणि ईशा. स्वतःची गाडी नसेल तर फुजैरापर्यंत शेअर टॅक्सी मिळते, तेव्हा माणशी पंचवीस दिरहम घेत. म्हणजे तीनशे रुपयांच्या वर.

"अप्पा, गुणत बसू नका," प्रशांत म्हणाला. "इथे गुणलं की पाणीसुद्धा पिववत नाही."

धैदपर्यंत रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना लालसर वाळू. उंट रस्त्यावर येतात असं ऐकल्यामुळे मी सारखा समोर बघत होतो. पासपोर्ट खिशात आहे का ते दर दहा मिनिटांनी चाचपत होतो, आणि मांडीवरची साडीची पिशवीही. मसाफीच्या अलीकडे रस्त्याला लागून बाजार आहे. त्याला शुक्रवारचा बाजार म्हणतात, पण तो रोजच असतो. गालिचे, कुंड्या, फळं. भाव सांगतील त्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा. तिथे एक दिरहमचा चहा घेतला. चहावाला केरळचा, आणि गालिचे विकणारा एक पठाण त्याच्याशी वाद घालत होता.

"इतना बड़ा मुल्क, और गिनती नहीं आती?"

"अरे खान, गिनती आती है. मानना नहीं आता."

"हमारे यहाँ तो गिनने से पहले खलास हो जाता है." मग माझ्याकडे वळून, "चाचा, आप बोलो, कौन जीतेगा?"

मी म्हटलं, "जो भी जीते, दूसरे को फोन करना पड़ेगा." त्यांना काही कळलं नाही. पठाणाने मला एक संत्रं दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

मसाफीच्या पुढे डोंगर सुरू होतात. गवताची काडी नाही, नुसता करपलेला दगड. उतारावर मी प्रशांतला तीनदा ब्रेकबद्दल विचारलं. ईशा कानात गाणी घालून बसली होती. फुजैरापासून समुद्राच्या कडेने वर गेलं की खोर फक्कान. गाव शांत, समुद्र निळाशार, आणि बंदरावर कंटेनरच्या रंगीत थप्प्या. फिरायला जाणाऱ्यांना तो किनारा आवडेल. मी तो नीट पाहिला नाही.

मेस म्हणजे एक लांब खोली, चार टेबलं. दत्ता दारातच उभा होता. प्रशांतने फोन करून ठेवला असणार. त्याचे केस सगळे पांढरे झाले होते. तो माझ्या पाया पडला, पण बोलला प्रशांतशी.

"रस्ता कसा होता रे?"

"बरा होता, काका."

जेवायला भाकरी, पिठलं आणि सुरमईची तुकडी. खूप वर्षांनी तसं पिठलं खाल्लं. दत्ता माझ्याकडे न बघता प्रशांतलाच आग्रह करत होता. मला ते सहन होईना, म्हणून जे बोलायला नको तेच बोललो.

"दत्ता, पत्रिकेवर त्यांचं नाव नसतंस घातलं, तर मी आलो असतो."

त्याने घास ताटात ठेवला. "दादा, तुम्ही पत्रिका उघडली होती का?"

"उघडायची काय गरज? वरच दिसत होतं."

शालन उठून आतल्या खोलीत गेली आणि अल्बममधून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली पत्रिका घेऊन आली. माझ्यापुढे धरली. "भाऊजी, आता तरी वाचा."

पहिल्या पानावर दुसरे साहेब होते, वरपक्षाने सांगितलेलं नाव. पान उलटलं. आत आमच्या साहेबांचंही नाव होतं. आणि खाली, निमंत्रक म्हणून, सगळ्यात पहिलं नाव माझं. त्याखाली दत्ताचं.

"दोन हजार माणूस आलं होतं," दत्ता म्हणाला. "जो तो विचारत होता, निमंत्रक कुठे आहेत? मी म्हणत होतो, येताहेत, रस्त्यात आहेत. मनू अक्षता पडेपर्यंत फाटकाकडे बघत होती."

मी चष्मा काढून पुसला. ईशा हळूच बापाला विचारत होती, "व्हॉट हॅपन्ड?" त्याने तिचा हात दाबला.

"माझंच चुकलं, दत्ता," मी म्हटलं. पाच वर्षं हे वाक्य मी मनात वेगवेगळ्या तऱ्हेने जुळवत होतो. बाहेर आलं ते एवढंच.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "तिला सांगा."

मनू तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत होती. मी नंबर मागितला. दत्ताने मान हलवली. "तिला विचारल्याशिवाय देणार नाही. साडी आणली असलीत तर ठेवा, पाठवतो. घ्यायची की नाही, ते ती ठरवील."

साडीचं त्याला कसं कळलं, कोण जाणे. मी पिशवी इतकी घट्ट धरून बसलो होतो, त्यावरूनच कळलं असेल.

परतीच्या वाटेवर धैदला उजेड मावळला. ईशा एकदम म्हणाली, "आजोबा, यू आर लाइक द मॅन हू डिडन्ट कॉल."

"ईशा!" प्रशांत ओरडला.

"ओरडू नकोस तिला," मी म्हटलं. "बरोबर आहे तिचं."

मी भारतात परतण्याआधी तिकडची मोजणी संपली. हरलेल्याने पुन्हा फोन करून हार मानली असं ईशाने सांगितलं. तिच्या प्रोजेक्टला ए मिळाला.

घरी आल्यावर फडताळ उपसलं. माझी पत्रिका वाळवीने खाल्ली होती, निमंत्रकाच्या ओळीसकट. आमच्या साहेबांनी त्यानंतर पुन्हा पक्ष बदलला. मी कार्यालयात जायचं सोडलं. दत्ता महिन्यातून एकदा फोन करतो. तब्येत विचारतो, मी रक्तदाबाचा आकडा सांगतो. पहिल्याच फोनवर म्हणाला होता, "साडी पोचली." त्यापुढे काही नाही, आणि मी विचारतही नाही.

पण मुलगी म्हणते, हे पान जगात कुठेही उघडतं. म्हणून, मनू, इथपर्यंत वाचलं असशील तर, मी पडलो. हा माझा फोन समज. साडी नेसलीस, कुणाला दिलीस, की अजून तशीच बांधून ठेवलीस, जे असेल ते कळव. रागावून कळवलंस तरी चालेल. घरचा नंबर जुनाच आहे, तुझ्या बापाकडे आहे. दुपारी मी पडलेला असतो, पण तेव्हाही कर. माझं वय बघ, आणि लवकर कळव.