थर्मोस्टॅट काढणारे दादा

गॅरेजात तापलेली गाडी आली की दादा बॉनेट उघडायच्या आधीच निकाल देऊन मोकळे होत. "थर्मोस्टॅट काढून टाका!"

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेतली छोटीशी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती मिटलेली राहते, पुरेसं तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. दादांच्या मते ही कंपन्यांनी उगाच घुसडलेली ब्याद होती. उभी हयात त्यांनी टॅक्सी आणि टेम्पो दुरुस्त केले, दिसेल ती झडप उपटून फेकली, आणि त्या जुन्या दणकट गाड्यांनी ते मुकाट सोसलं.

धाकट्या भावाला हे काम त्यांनीच शिकवलं. शिकवलं कसलं, बडवलं. पाना चुकीचा दिला की तोच पाना पाठीत बसे. "सांग, इंजिन किती तापलंय?" असं विचारून त्यांनी एकदा त्याचा तळवा रेडिएटरवर दाबून धरला होता. "आता जन्मात विसरायचा नाहीस," म्हणून स्वतःच हसले. धाकटाही हसला. न हसण्याची सोय नव्हती.

पुढे धाकटा गाड्या कॉम्प्युटर लावून तपासायला शिकला, महागड्या गाड्यांची गिऱ्हाइकं आणली आणि बघता बघता गॅरेजचा शेठ झाला. दादांना आता कमी दिसे, बोटं थरथरत. धाकटा हात धुऊन मागे लागला होता, की पुरे झालं, घरी बसा. दादांना घरी बसणं म्हणजे जिवंतपणी मातीआड होणं वाटे. "माझ्या हातातला पाना काढून घेणारा अजून जन्माला यायचाय," ते सगळ्यांदेखत सुनावत.

अशात दातांच्या डॉक्टरांची स्पोर्ट्स कार आली. दोघांपुरती, लाल, जमिनीला चिकटून पळणारी. मोकळ्या रस्त्यावर ठीक चाले, पण सिग्नलला थांबली की तापमानाचा काटा वर वर चढे.

"दादा, ही तुम्ही बघा," धाकटा म्हणाला.

असल्या गाडीला तो दादांना बोटही लावू देत नसे. "का रे, तुझा कॉम्प्युटर आजारी पडला वाटतं?"

"तुमचा हात लागू दे म्हटलं एकदा."

दादांची कळी खुलली. त्यांनी बाह्या सरसावल्या, पाणी काढलं, पाइप सोडवला आणि झडप काढून ट्रेमध्ये टाकली. उभ्या गाडीच्या रेडिएटरला वारा घालणारा पंखा फिरतो की नाही, हे पाहायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. धाकटा येऊन ट्रेकडे नजर टाकून गेला.

"झालं?"

"झालं. आता बर्फासारखी गार पळेल."

"मग प्रश्नच मिटला," धाकटा म्हणाला.

डॉक्टर खूश झाले. काटा आता खालीच असे, लांबच्या रस्त्यावर तर हलतही नसे. इंजिनाला त्याची नेमकी ऊब मिळेचना. ते अजून गारच आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर जादा पेट्रोल ओतत राहिला, ते पेट्रोल तेलात उतरून तेल पातळ झालं, आणि डॉक्टर मात्र काटा खाली आहे म्हणून निर्धास्तपणे पाय दाबत राहिले. काही आठवड्यांनी गाडी क्रेनला लटकून परत आली. इंजिनातून खडे दळल्यासारखा आवाज येत होता.

धाकट्याने इंजिन उघडायला सगळ्या मेकॅनिकांना गोळा केलं. डॉक्टरांना खुर्ची दिली. आतली बेअरिंगं पार घासून गेली होती.

"दादा, थर्मोस्टॅट कुठंय?"

"काढला. मी नेहमीच काढतो."

"कशासाठी?"

"गाडी गार राहते."

"राहिली की! आता कायमची गार." सगळे खो खो हसले.

"अहो, मी दाढ काढताना माणसाला विचारतो तरी," डॉक्टर म्हणाले. पुन्हा हशा.

धाकटा हसला नाही. "डॉक्टर, नुकसान सगळं आमच्याकडे लागलं. यापुढे दादा गाडीला हात लावणार नाहीत. दादा, शब्द द्या त्यांना."

दादांनी मान खाली घालून शब्द दिला. पाना त्यांच्या हातातून कोणी काढून घेतला नाही. त्यांनी तो स्वतःच टेबलावर ठेवला.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी धाकट्याला गाठलं. "त्या दिवशी ट्रेमध्ये झडप पाहिली होतीस तू."

"पाहिली होती."

"मग दातखीळ बसली होती का?"

"पंख्याची वायर तुटली होती, दादा. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मीच जोडली. नाहीतर गाडी दुसऱ्याच दिवशी परत आली असती, आणि तुम्ही पुन्हा माझ्याच अंगावर ओरडला असता. मला ती मरूनच यायला हवी होती."

"एवढं इंजिन घालवलंस?"

"तुमच्यापुढे स्वस्तात पडलं."

दादा घरी आले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. उंबऱ्यातूनच ते म्हणाले, "धाकट्याने गाडी मुद्दाम मरू दिली. मला घालवायला."

"माहीत आहे. भावजींनी मला आधीच विचारलं होतं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, त्या डॉक्टरांना जपा. बिचाऱ्यांना रस्त्यात काही व्हायला नको."

"आणि माझं?"

तिने हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली, ती ढिगावर ठेवून वरून तळव्याने दाबली.

"तुमचं काय?" ती म्हणाली. "चपला आत घ्या. उद्यापासून लागायच्या नाहीत."