धुळ्यातला ळ

कोणी माझं अक्षर बघून "वा, काय मोत्यासारखं अक्षर आहे हो!" म्हटलं की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. समोरचा बिचारा कौतुक करत असतो आणि मी त्याच्या अंगावर खेकसते. लोक म्हणतात, बाई विचित्र आहे. असेन. पण हे अक्षर ज्याने माझ्या हाताला लावलं त्याने केसाने आमचा गळा कापला, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?

धुळे जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. नाव लिहीत नाही, तिथे अजून जाणंयेणं आहे. वडील लवकर गेले. हमरस्त्यावर आमचं लांबट घर होतं. पुढे ओटा, ओट्यामागे गिरणीची खोली आणि तिच्यामागे आम्ही दोघी. पिठाची गिरणी आई एकटी चालवायची. पट्टा चढवणं, दगड उचलून त्याला टाकी लावणं, सगळं तीच करायची. ती सोनगीरची, शाळेची पायरीही न चढलेली. बोलणं पक्कं अहिराणी. गिरणीच्या दारावर मी दहावीत असताना रंगवलेली पाटी होती : 'ज्वारी, बाजरी, गहू, कळणा दळून मिळेल.' आईला ती वाचता यायची नाही, पण गिऱ्हाईक आलं की बोट दाखवून सांगायची, "मन्ही पोरनं अक्षर शे ते."

आयटीआयचा कोर्स करून ऐंशीच्या दशकात मी नगरपालिकेत ट्रेसर म्हणून लागले, तीही रोजंदारीवर. ट्रेसरचं काम म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची. माझे वरिष्ठ ड्राफ्ट्समन होते, त्यांना सगळं ऑफिस नाना म्हणायचं. मीही म्हणायची. पेन उभं कसं धरायचं, चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडने कशी खरवडायची, सगळं त्यांनी शिकवलं. माझा ळ वाकडा यायचा. त्यांनी आठवडाभर माझ्याकडून फक्त ळ गिरवून घेतला, दोन्ही गोळे सारखे आणि शेवटी बारीक शेपूट. "ळ साधला की सगळं अक्षर साधलं, बेटा," म्हणायचे. तो साधल्यावर मी गिरणीची पाटीही नव्या अक्षरात पुन्हा रंगवली. मला वडील आठवायचे त्यांच्याकडे बघून. खोटं कशाला सांगू?

नाना आमच्याकडे दळण आणायचे. डबा ठेवून आत यायचे आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी न् ठेचा खाऊनच उठायचे. आई त्यांना आग्रह करायची, "आखो एक भाकर ल्या, नाना." तेही "अक्का, तुमच्या हाताला चव आहे" म्हणत आणखी एक घ्यायचे. समोरचा रिकामा प्लॉट त्यांच्या व्याह्यांचा होता. व्याह्यांना तिथे दुमजली दुकानं बांधायची होती, पण बांधकामाची परवानगी अडली होती, कारण हमरस्ता रुंद होणार अशी चर्चा होती. व्याही प्लॉट बघायला आले की आमच्याच ओट्यावर टेकायचे आणि आईच्या हातचा चहा प्यायचे.

रुंदीकरणाचा ठराव खरंच झाला. रीत अशी की रस्त्याची मध्यरेषा धरायची आणि दोन्ही बाजूंना सारखं मोजायचं. नानांनी आमच्या घरी बसून हिशेब सांगितला. "अक्का, तुमचा ओटा जाईल. गिरणीच्या भिंतीला धक्कासुद्धा लागणार नाही. मी आहे ना!" आईने ओट्याचा मोह सोडला. गिरणी राहतेय ना, मग झालं.

मे महिन्यात तो नकाशा ट्रेस करायला माझ्यापुढे आला. खानदेशातला मे म्हणजे काय ते खानदेशी माणसालाच विचारा. पंखा गरम वारा ओततो आणि हाताचा घाम कागदाला लागला की तिथे शाई धरत नाही. म्हणून आम्ही सगळा कागद जुन्या वर्तमानपत्रांनी झाकायचो आणि काम चालू असेल तेवढीच वीतभर जागा, खिडकीसारखी, उघडी ठेवायचो. तेवढं झालं की खिडकी पुढे सरकवायची. एरवी ती मीच सरकवायची. त्या दिवशी नाना स्वतः शेजारी बसले आणि खिडकी सरकवत राहिले. मला उसाचा रस मागवला. मी मनात म्हटलं, किती जीव लावतो हा माणूस!

वीतभर खिडकीतून रस्ता ओळखू येत नाही. घरांवर असतात ते सिटी सर्व्हेचे नंबर. आम्हाला आमचं घर माहीत घरपट्टीच्या नंबराने. सिटी सर्व्हेचा नंबर मालमत्ता पत्रकावर, आणि ते पत्रक आईच्या पेटीत. एका खिडकीत मध्यरेषा सरळ जाता जाता पोटासारखी एका बाजूला फुगली होती. मी पेन उचललं.

"नाना, इथे रेषा वाकलीय."

"तिथे जुनी विहीर आहे, ती वाचवायची आहे," ते म्हणाले. "आणि बेटा, ट्रेसरने डोळ्यांनी बघायचं, डोक्याने नाही. खाली आहे ते वर आलं पाहिजे."

देवळाकडच्या टोकाला विहीर होती खरी. मी रेषा वाकवली, अगदी सफाईने. शेवटी मथळा लिहिला, खाली 'जि. धुळे' लिहिलं, आणि 'ट्रेस केले' या चौकटीत माझी सही केली. शेजारची 'तपासले' ही चौकट कोरी होती. नाना म्हणाले, नंतर करतो.

नकाशाच्या प्रिंट नगरपालिकेच्या फलकावर लागल्या. हरकत घ्यायला एक महिन्याची मुदत होती. त्याच आठवड्यात मला जळगावला एका सरकारी कचेरीत नकाशांच्या प्रती काढायला पाठवलं, महिनाभरासाठी. नानांची शिफारस होती. मी हवेत! नशिराबादला मावशीकडे राहायचे आणि सकाळी एसटीने जळगावला जायचे. एका रविवारी घरी आले तर आई म्हणाली, "बठ्ठा लोके हरकत लिखी ऱ्हायनात. मी बी दी टाकू का वं?"

आणि मी, शिकलेली मुलगी, तिच्यावर ओरडले. "नाना असताना हरकत? त्यांना काय वाटेल, माय? आपल्याला काय माणसं ओळखता येत नाहीत?"

आई दळायला उठली. मुदत निघून गेली.

जळगावहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आणि दोन माणसं टेप आणि लाल रंगाचा डबा घेऊन आली. समोरच्या बाजूला त्यांनी प्लॉटच्या कडेला निशाणी केली आणि मग टेप आमच्याकडे ताणत आणला. ओटा ओलांडला. भिंत ओलांडली. एक माणूस सरळ गिरणीच्या खोलीत शिरला आणि यंत्राच्या मागे, जिथे आई पिठाचे डबे ठेवायची त्या भिंतीवर, त्याने लाल फुली मारली. शेजारच्या घरातही तसंच झालं असतं, पण ते बंद होतं, मालक सुरतेला.

आई पुढे झाली. "नानानी सांगेल शे, फक्त वटा जाई."

"अक्का, नानांचं मला काय माहीत? नकाशात आहे तसं करतो," ओव्हरसियर म्हणाला आणि त्याने प्रिंट उलगडून तिच्यापुढे धरली. मी मागे उभी होते. रेषेचं ते पोट मी लांबूनच ओळखलं. विहीर कसली न् काय कसली! फुगवटा आमच्याच दारात होता, व्याह्यांच्या प्लॉटपासून लांब सरकलेला.

आई प्रिंटकडे बघत होती. रेषा तिला काय कळणार! पण तिचं बोट हळूहळू खाली गेलं आणि 'धुळे' या शब्दावर थांबलं. मग तिने मान वळवून दारावरच्या पाटीकडे बघितलं. 'दळून मिळेल.' दोन गोळे, बारीक शेपूट. रोज तोच ळ तिच्या डोळ्यांपुढे होता.

"हाई अक्षर तुनं शे ना वं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती वळली आणि भिंतीपाशचे डबे हलवू लागली. बोलली असती, दोन थपडा मारल्या असत्या, तर बरं झालं असतं.

मी तशीच ऑफिसात गेले. नाना डबा खात होते. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी नाकबूल केलं नाही. हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "बेटा, माझी मुलगी त्या घरात दिलीय. परवानगी मिळाली नसती तर त्यांनी तिला माहेरी आणून बसवली असती. तुझ्या आईची गिरणी मागे हलवता येईल. माझ्या मुलीला दुसरं घर कुठून आणू?"

"मग हेच साहेबांसमोर सांगा," मी म्हटलं. ते उठले आणि माझ्याबरोबर मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये आले. तिथे म्हणाले, "साहेब, मला काही कल्पना नाही. मी तपासलेला नकाशा नाही हा."

साहेबांनी मूळ ट्रेसिंग मागवलं. 'तपासले' कोरं होतं. 'ट्रेस केले'मध्ये माझी सही. साहेब चांगला माणूस होता, पण तो तरी काय करणार? "बाई, हरकतीची मुदत संपली," तो म्हणाला. "आणि नकाशा तुम्हीच काढलाय. मग माहीत नव्हतं असं कसं म्हणता?"

मी ते ट्रेसिंग गुंडाळलं आणि केबिनबाहेर आले.

पावसाळ्यानंतर गिरणीची खोली पाडली. आदल्या दिवशी आईने पाटी स्वतः उतरवली आणि ती कुठे ठेवली ते मला सांगितलं नाही. मोटर गोणपाटात बांधून मागच्या अंगणात ठेवली, दगड भिंतीला टेकवले. गिरणी मागे हलवायची परवानगी मागितली, तर उरलेल्या जागेत नियमाप्रमाणे मोकळं अंतर सुटत नाही म्हणून आमचा नकाशा परत आला. समोर व्याह्यांचा पहिला स्लॅब पडला तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. माझ्याही टेबलावर ठेवला, निर्लज्जांनी! मी तो खिडकीतून भिरकावला. नोकरी मात्र सोडली नाही. गिरणी गेल्यावर घरात येणारा पैसा माझाच होता. रोज सकाळी त्याच टेबलापाशी नाना म्हणायचे, "ये बेटा." आणि मी बसायचे.

मी आईला म्हटलं, कलेक्टरकडे अपील करू, मी अर्ज लिहिते. ती हूं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना ती एकटी एसटीने धुळ्याला गेली. संध्याकाळी परत आली आणि पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनविसाकडून तिने अर्ज लिहून आणला होता, खाली तिचा अंगठा. तोवर कलेक्टर कचेरी बंद झाली होती, उद्या तू धुळ्याला जाऊन दे, म्हणाली.

मी वाचला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. 'गिरणी'तला णी चुकलेला, घरनंबर चुकलेला, मध्यरेषेचा उल्लेखच नाही.

"माय, हे असं नको देऊ गं," मी म्हटलं. "आण इकडे, मी नीट लिहून देते. पाच मिनिटांचं काम आहे."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा घडी घातली आणि मग माझ्या पर्समध्ये स्वतः ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "या अक्षरवर मना भरोसा शे."