पहिली हाक

"आदिनाथनं हाक मारलीच न्हाई," असं आश्रुबा अठ्ठावीस वर्षं सांगत आला. बोरी गावच्या शिवारात, विहिरीजवळ, त्यांच्या रॉक बँडनं एका दुपारी कॅसेट भरली. बाकीचे जेवायला गेले, तेव्हा आश्रुबा ड्रम वाजवत राहिला. विहिरीत आवाजाचा घुमारा कसा येतो ते बघायला गिटारवाला आदिनाथ विहिरीच्या पायऱ्या उतरला आणि बुडाला. टेप चालूच होता.

यंदा कुणीतरी ती कॅसेट खरखर काढून पुन्हा बाजारात आणली. आदिनाथची बहीण कुशावर्ता मोबाईल घेऊन आश्रुबाच्या सायकल दुकानात आली.

"ऐका भाऊ, लय साफ केलंय. तुमचे ड्रमबी आता डबडे वाटंनात."

आश्रुबा हसला. गाणं संपून त्याचे एकट्याचे ड्रम सुरू झाले. ते थांबले आणि खोलातून एकदाच आवाज आला, "आश्रुबा!"

"आमच्या अण्णाचा आवाज हाय ह्यो," कुशावर्ता म्हणाली. "तुमी ऐकला व्हता?"

भूत एकदाच हाक मारतं, म्हणून भर दुपारी विहिरीवर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीची वाट बघायची, असं आश्रुबाला आईनं शिकवलं होतं. मोबाईलमध्ये थोडा वेळ शांतता होती. मग ड्रम पुन्हा सुरू झाले.

आश्रुबानं पाना खाली ठेवला आणि दुकान उघडंच टाकून तो निघून गेला.