स्लॅबवरचं पाणी

आमच्या घरमालकिणीचं वाटोळं व्हावं असं मी दोन उन्हाळे मनापासून म्हणत होते, आणि आजही त्याचा मला तिळमात्र पश्चात्ताप नाही.

आमच्या गावची, करमाडची विहीर आटली तसे आम्ही शहरात आलो. नवऱ्याला कंपनीत काम मिळालं, राहायला एक खोली मिळाली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. टाकी मालकिणीची, तिला कुलूप, आणि किल्ली बाईच्या कमरेला. चार बिऱ्हाडांत मिळून खाली एकच संडास. माझी तीन वर्षांची लेक शूला निघाली की बाई ओट्यावरून ओरडायची, "आत्ता तर गेलती की! दर बारीला तांब्याभर पाणी. माझ्या टाकीत काय झरा हाय व्हय? दम धरायला शिकव तिला."

मी शिकवलं. खोली सुटायची भीती होती. जेवणापासून दिवेलागणीपर्यंत पोरीनं धरून ठेवली की मी तिचा गालगुच्चा घेऊन म्हणायची, "शाब्बास!" पाणीही जरा कमीच पाजायची.

चैत्रात तिला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. गल्लीतल्या डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून औषध दिलं. ताप उतरला आणि पंधरा दिवसांनी परत आला. तेव्हा ते म्हणाले, दाढा येत असतील. तिसऱ्या वेळी पोर उलट्या करून मान टाकायला लागली, तशी मी तिला उचलून सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं, "लघवी तपासली का?"

कुणीच तपासली नव्हती. झाकणाची स्वच्छ बाटली घेऊन मी लेकीसमोर तासभर उकिडवी बसले. तिला लागली होती, पाय आवळत होती, पण करेना. शेवटी झाली ती रडत रडत. तपासणीत जंतू निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं पुन्हा पुन्हा झालं तर किडनीवर कायमचा डाग राहतो. पाणी भरपूर पाजा. दर दोन-तीन तासांनी बसवा. धरून ठेवू देऊ नका."

इंजेक्शनं झाली, ताप गेला, आम्ही घरी आलो. बघते तर बाई गच्चीवर पाइप धरून उभी. नवा मजला चढत होता, आणखी भाडेकरू येणार होते. ओल्या स्लॅबवर सिमेंटची आळी करून तिनं घोट्याइतकं पाणी तुंबवलं होतं. मी बघतच राहिले, तर वरून म्हणते कशी, "पंधरा दिवस पाणी पाजावं लागतं बाई, नाय तर स्लॅबला तडे जातात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या सिमेंटला पाणी होतं, माझ्या पोरीला नव्हतं! तडे म्हणे. भांडून काही होणार नव्हतं, पण उट्टं काढल्याशिवाय मला घास गोड लागणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई जेवून आडवी झाली. मी लेकीला दोन पेले पाणी पाजलं, थोडं थांबले आणि तिला वर नेलं. गुलमंडीच्या बाजारातून आणलेला नवा फ्रॉक कमरेपर्यंत वर धरून तिला त्या पाण्यात उभी केली. रोज आणायची, दिवसातून चारदा आणायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं. दवाखान्यातल्या एकेका सुईचा हिशेब मला त्या स्लॅबवर चुकता करायचा होता.

"कर इथं," मी म्हटलं. "हवी तेवढी कर. कुणी रागवत नाही."

तिनं खाली पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि गुडघ्याला गुडघा लावून दोन्ही पाय घट्ट आवळले. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हलेना.

"अगं, कर ना!" मी ओरडले.

"बघ आई, मी धरलीय," ती म्हणाली. "शाब्बास म्हण ना."