तेलकट नोट

मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर बसलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपणहून रांगेत उभे राहतात! मी कुवेतमधल्या खैतान भागातल्या शाखेत आहे, आणि माझे निम्मे किस्से शेजारच्या खिडकीतल्या हमीदभाईंचे. माणूस दापोलीचा, सव्वीस वर्षं इथेच.

*

गड्डी लावताना सगळ्या नोटा सुलट्या हव्यात, हा आमचा नियम. हमीदभाईंच्या तो इतका अंगात भिनलाय की शर्कच्या मासळीबाजारातली पापलेटंसुद्धा फ्रीजमध्ये एका दिशेला तोंडं करून ठेवतात. या सवयीपायी नोटेची मागची बाजू मात्र आम्ही कुणी बघतच नाही.

*

गेल्या महिन्यात त्यांच्या हातून वीस दिनारची एक नकली नोट आत गेली. मॅनेजरनं बजावलं, आणखी एक चूक झाली तर अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रिन्यू होणार नाही, सरळ घरी जायचं. तेव्हापासून ते एकेक नोट तीनदा दिव्याखाली धरायचे. मला बघवत नसे.

*

त्यातच तो धिप्पाड माणूस आला. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा, इथल्या शाळेत रग्बी शिकवणारा. त्याच्या दिनारांबरोबर चुकून एक भलतीच नोट आत आली. वर राजाचं चित्र, ना इंग्रजी ना अरबी, आणि चक्क तेलकट! मॅनेजर मागेच उभा होता. म्हणाला, जप्त करा, पोलिसांना फोन लावा.

त्या माणसाचा चेहराच उतरला. अजीजीनं सांगू लागला, ही आमच्या देशाची नोट, पांगा म्हणतात, मला बदलायची नाहीये. आमच्याकडे मुलगी नाचली की तिच्या तेल लावलेल्या दंडावर नोटा चिकटवतात. लेक स्वतःच्या लग्नात नाचली, मला जाता आलं नाही, म्हणून तिनं ही एक पाठवली.

हमीदभाईंनी नोट नाकाशी नेली. खोबरेल.

"खरी आहे. मी सही करून देतो."

मॅनेजर भडकला. खोटी निघाली तर तुमची नोकरी गेली समजा, म्हणाला. हमीदभाईंनी पेन उचललं. काही सुचेना, मी नोट ओढली आणि उलटी केली. मागे स्वच्छ इंग्रजीत देशाचं, बँकेचं नाव!

त्या माणसानं नोट घट्ट मुठीत धरली आणि तो गेला. मॅनेजर थोडा नरमला. मागची बाजू न बघताच सही कशी करत होतात, त्यानं विचारलं.

हमीदभाईंनी पाकिटातून दहा रुपयांची एक नोट काढली. पिवळे डाग पडलेली.

"माझ्या लेकीच्या हळदीतली आहे, साहेब. तेव्हा तुम्ही रजा दिली नव्हती."