पाटीवरची बारीक अक्षरं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो, नाहीतर चहा टाकायला उठायचो. लिहायला बसलो तेव्हासुद्धा आधी भलतंच लिहिलं. खडकीची नोकरी, क्वार्टरमधले शेजारी, हप्त्यावर घेतलेली सायकल. ती पानं फाडून टाकली.

यंदा बायकोच्या वर्षश्राद्धाला मुलगा परदेशातून आला होता. जेवणं झाल्यावर पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "बाबांनी आईच्या डोळ्यांसाठी काय नाही केलं? या वयात कॉम्प्युटर शिकले, तिला वाचायला पुस्तकं भरून दिली." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. ते कौतुक मी गप्प बसून पदरात घेतलं, त्यानंतर मात्र घास गोड लागेना. म्हणून हे लिहितो आहे.

खडकीला मी कारखान्यात तपासणी खात्यात होतो. तयार माल आमच्यापुढे यायचा. सगळाच्या सगळा माल कुणी तपासत बसत नाही. मधूनमधून थोडे नग उचलायचे, ते मापात बसले की अख्खा लॉट पास. दुसरा नियम असा की नवा लॉट ठेवण्याआधी जागा रिकामी करायची, जुना माल नव्यात मिसळू द्यायचा नाही. आणि एकदा मी सही केली की त्या मालाबद्दल पुन्हा बोलणं नाही. निवृत्त झाल्यावर धायरीत फ्लॅट घेतला, पण या सवयी सामानाबरोबर आल्या. गॅसची नळी, दुधाची पिशवी, दाराची कडी, सगळं मी तपासायचो. ती म्हणायची, "माझ्यावर शिक्का मारायचा राहिलाय का हो? इतकी वर्षं विनातपासणीच वापरताय."

ती वाचणारी बाई होती. आमच्या इमारतीतल्या पाचसहा बायकांचं एक वाचन मंडळ होतं. बुधवारी दुपारी तळमजल्यावरच्या बाईंकडे त्या जमायच्या. या बाई मूळच्या धायरी गावातल्या. आमची इमारत त्यांच्याच जुन्या शेतावर उभी आहे. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि त्यावर भांडायचं, असा रिवाज होता. भांडणाला सुरुवात माझ्या बायकोकडून व्हायची. जिन्यात मला तिचा आवाज ऐकू यायचा. माझ्याशी ती इतक्या जोरात कधी बोलली नाही. मीच बोलू दिलं नसेल.

मग तिला ओळीतली मधली अक्षरं दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार. थांबवता येईल तेवढं थांबवू. पण वाचायची आवड आहे ना? मग अक्षरं मोठी करून घ्या आणि आत्ताच वाचून घ्या."  रिक्षाने वडगावचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "आत्ताच म्हणजे किती वेळ, ते विचारायला हवं होतं."

मुलाने तिच्यासाठी पुस्तकं वाचायचा ई-रीडर पाठवला. ती त्याला पाटी म्हणायची. व्हिडिओ कॉलवर त्याने तिला दाखवलं, वरच्या कोपऱ्यात बोट लावायचं, तिथे अक्षराची खूण येते, ती दाबत गेलं की अक्षरं वाढत जातात. त्याने आधीच घातलेली दोन पुस्तकं त्यात होती. तिने अक्षरं वाढवत वाढवत कॅलेंडरवरच्या तारखांएवढी केली. एका पानावर जेमतेम चार ओळी मावायच्या. पण ती वाचू लागली. सकाळी गॅलरीत बसून पानामागून पान सरकवायची. एकदा मला म्हणाली, "अहो, मला दिसतंय," आणि मग जरा लाजून, "चहा ठेवते."

ती दोन पुस्तकं संपली. मंडळाला वाचायची होती ती पुस्तकं जुनी, बाजारात न मिळणारी. तळमजल्यावरच्या बाईंच्या सुनेने कुठून कुठून ती गोळा करून पेनड्राइव्हवर घातली होती. बाई स्वतः वर येऊन पेनड्राइव्ह देऊन गेल्या. "ताई, यात समदी पुस्तकं हायत. आता बुधवार चुकवायचा न्हाई. तुमच्याबिगर आमाला कोण टोकणार?"

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, शनिवारपर्यंत थांबा. त्या फाइली कसल्या आहेत ते मला बघू दे. सगळ्याच नीट चालतील असं नाही."

मी म्हणालो, "फाइली इकडून उचलायच्या आणि तिकडे ठेवायच्या. त्यात बघायचं काय?"

कॉम्प्युटरला पाटी जोडली तर नुसती चार्ज व्हायला लागली, पडद्यावर काही येईना. एक केबल नुसती विजेची असते आणि एक माहितीचीही असते, हे मला सिंहगड रस्त्यावरच्या दुकानदाराने सांगितलं. नवी केबल आणली. मग पाटीचं नाव पडद्यावर दिसलं, तिच्या पोटातले फोल्डर दिसले. मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. वाचलेली दोन पुस्तकं मी आधी काढून टाकली. जागा रिकामी केली. मग पेनड्राइव्हवरचा सगळा लॉट उचलून आत ठेवला. पाटी कॉम्प्युटरपासून रीतसर सोडवली आणि एक नग तपासला. घरगुती औषधांचं पुस्तक होतं. अक्षराची खूण दाबली, अक्षरं वाढली. आणखी दाबली, आणखी वाढली. लॉट पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीतून म्हणाली, "अहो, ह्यातली अक्षरं मोठी होत नाहीयेत."

"होतात. मी तपासलंय."

"मी मघापासून दाबतेय."

"धड दाबत नसशील."

मी पाटी हातात घेतली. मंडळाचं त्या महिन्याचं पुस्तक उघडलेलं होतं. मी चष्मा लावून पहिल्या दोन ओळी तिला खडाखडा वाचून दाखवल्या. खूण दाबून बघितली नाही. पुस्तक दिसत होतं, मला वाचता येत होतं, काल मी स्वतः पास केलं होतं. आणखी काय बघायचं?

ती म्हणाली, "आधीची पुस्तकं चांगली मोठी दिसायची. ती लावून द्या बरं, बघते."

"ती काढून टाकली."

"काढली? का हो?"

"वाचून झाली होती ना."

तिने मान जरा तिरकी करून पाटीकडे पाहिलं, कडेच्या नजरेने बघायची सवय तिला लागली होती. मग म्हणाली, "म्हणजे मलाच दिसत नाहीये?"

इथे मला थांबता आलं असतं. नुसतं बोट लावून बघायचं होतं. मी म्हणालो, "डोळे आणखी गेलेत तुझे. पाटीत काही दोष नाही. एकदा ते मान्य करून टाक."

तिने मान्य केलं. माझा निकाल तिने आयुष्यभर मान्य केला होता, हाही केला. पाटीचं कव्हर मिटलं, तिच्यावर धुतलेला नॅपकिन घडी करून ठेवला, आणि ती भाजी निवडायला आत गेली.

बुधवारी ती खाली गेली नाही. पुढच्याही बुधवारी नाही. बाई वर आल्या. "ताई, वाचू नका, नुसत्या बसा की." ती हसून म्हणाली, "नुसतं बसायला माझं घर आहे की. तिथे येऊन काय करू, तुमच्या कपबश्या मोजू?" बाई गेल्यावर मात्र ती बराच वेळ दाराची कडी लावत उभी होती. बाई अजून दोनचारदा येऊन गेल्या, मग त्यांनीही येणं सोडलं. बुधवारी दुपारी खालून बोलण्याचा आवाज आला की ती गॅलरीचं दार लावून घ्यायची. म्हणायची, धूळ येते.

ठरल्याप्रमाणे डोळे दाखवायला गेलो. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "गेल्या खेपेपेक्षा काही फरक नाही. उत्तम आहे. वाचताय ना?" ती म्हणाली, "नाही हो, आता जमत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कंटाळा करते." बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बरे आहेत बिचारे, धीर देतात." डॉक्टर धीर देत नव्हते, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं होतं. मी ते तिथेच दाबून टाकलं.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं, पेपर वाचता येईना. कपाटातून पाटी काढली, म्हटलं आपण तरी मोठ्या अक्षरात वाचू. ती पुस्तकं अजून तशीच होती. तिचंच अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडलं. खूण दाबली. अक्षरं हलली नाहीत. पुन्हा दाबली. मग दोन बोटांनी पान ताणून पाहिलं, तर ओळ अर्धी पडद्याबाहेर गेली आणि पान उलटताच सगळं पुन्हा मुंगीएवढं झालं. दुसरं पुस्तक तसंच. तिसरं तसंच. औषधांचं तेवढं वाढत होतं. सबंध लॉटमधला एकच चांगला नग मी नेमका उचलला होता.

ती आत स्वयंपाकघरात फोडणी देत होती. मी गॅलरीत जाऊन मुलाला फोन लावला.

"ती स्कॅन केलेली असणार बाबा. म्हणजे पानांचे फोटो. फोटोतली अक्षरं कशी वाढतील? मी म्हटलं होतं ना, बघू दे म्हणून. आई ह्यातून वाचत होती?"

"छे. मला वाचायचंय म्हणून विचारलं."

आता मुलाशीही खोटं बोललो होतो.

त्याने महिनाभरात खटपट करून त्यातली काही पुस्तकं टाइप केलेल्या रूपात मिळवून पाठवली. ऑपरेशननंतर मी ती पाटीत घातली. या वेळी एकेक पुस्तक उघडून, शेवटच्या पानापर्यंत अक्षरं वाढवून बघितली. सगळी वाढत होती. पाटी तयार होती. तिचे डोळेही तेव्हा शाबूत होते. मधला भाग अंधुक, पण मोठ्या अक्षरांना पुरे. रोज ती डब्यांवरची मी मार्करने लिहिलेली नावं वाचून डाळ काढत होती, ते मी बघत होतो.

पाटी तिच्या हातात द्यायची तर काय घडलं होतं ते सांगावं लागणार होतं. ती विचारणार होती, मग तेव्हा? मी ठरवलं, गणपती होऊ देत. मग दिवाळी होऊ दे. दिवाळीत पाहुणे होते. पाटी माझ्या कपाटात, कपड्यांखाली. मधूनमधून चार्ज करून ठेवायचो.

एकदा सकाळी ती चहा गाळत होती. चहा कपात न पडता ओट्यावर पडत राहिला आणि तिला कळलं नाही. मी म्हणालो, "अगं, सांडतोय." ती म्हणाली, "कुठे?" डॉक्टरांनी या वेळी धीर दिला नाही. डोळ्यांत आतून एकदम रक्त उतरलं होतं.

त्यानंतर मी पाटी तिला दिली. होय, त्यानंतर. अक्षरं अगदी शेवटच्या मापाला नेऊन ठेवली होती. म्हणालो, "मुलाने नवी पुस्तकं पाठवलीत. बघ येतंय का." ती मान तिरकी करून, पाटी जवळ नेऊन, लांब धरून बघत राहिली. काचेवरून तळवा फिरवला. मग पाटी माझ्याकडे म्हणून एका बाजूला सरकवली, पण मी दुसऱ्या बाजूला बसलो होतो.

"माफ करा हो," ती म्हणाली. "तुम्ही एवढी मेहनत घेता आणि माझे डोळेच साथ देत नाहीत."

मी म्हणालो, "असू दे."

मी तिला वाचून दाखवायचाही प्रयत्न केला. दोन दिवसांनी ती म्हणाली, "तुम्ही वाचता ते सरकारी परिपत्रक वाटतं. राहू द्या, घसा बसेल." एवढंच. एरवी बसून असायची. तिला वेळ कसा घालवायचा ते कळत नव्हतं आणि मला तिच्यासमोर कुठे बसायचं ते.

शेवटचे दिवस ती दवाखान्यात होती. न्यूमोनिया झाला होता, पण शुद्ध होती, बोलत होती. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. तिने माझा हात धरला होता आणि कसलीही घाई नव्हती. मी मनात वाक्यं जुळवली. "अगं" एवढंच बाहेर पडलं. तिने माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या बाजूला, तोंड वळवलं आणि विचारलं, "काही म्हणालात?"

मी म्हणालो, "पाणी हवंय का?"

जुळवलेली वाक्यं अजून तशीच आहेत. त्यात एक शब्द बदललेला नाही. अगं, तुझे डोळे तेव्हा चांगले होते. अक्षरंच मोठी होत नव्हती. तू बरोबर सांगत होतीस आणि मी बघितलं नाही, आणि कळल्यावरही तुला सांगितलं नाही. मला माफ कर.